अनवाणी शिवारफेरी

आमच्या केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाने फाटकाशी चपला काढायच्या, हा नियम माझा. वरून कुणाचा आदेश नव्हता. पत्रकात ठळक अक्षरांत मीच लिहिलं होतं : 'चप्पल काढा. माती तुमच्या पायाला काय सांगते ते ऐका.' हे वाक्य सुचलं त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. आज ते कुठे छापलेलं दिसलं की तळपायाला थंड काहीतरी लागल्यासारखं होतं आणि मी खाली बघते.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा त्यात 'शाश्वत शेती आणि तिथले पशुपक्षी' असं होतं, आणि मोराचा एखादा चांगला फोटो असेल तर जोडा, असंही. फोटो आहे. पण मला गोड लिहिता येत नाही. मी लिहायला शिकले ते चळवळीच्या शिबिरात, जमिनीवर बसून, पत्रकं. पहिल्या ओळीत शत्रू, दुसऱ्या ओळीत मागणी, शेवटी फोन नंबर. त्यात स्वतःची चूक लिहायला जागाच नसते. म्हणून ती इथे लिहिते.

आधी काम काय ते सांगते. पालीच्या पुढे, मांजरसुंब्याचा घाट लागायच्या आत, डोंगराच्या कुशीत आमचं केंद्र आहे. विष न फवारता, रासायनिक खत न टाकता शेती कशी होते हे दाखवायचं. लोक टेम्पो करून येतात आणि मी त्यांना दोन तास फिरवते. याला आम्ही शिवारफेरी म्हणतो. गांडुळांचा खड्डा, मिश्र पिकांचं वावर, बियाण्याची खोली, पाणी अडवलेली नाली, काळविटांचा माळ आणि शेवटी सीताफळाची बाग. प्रत्येक थांब्यावर काय बोलायचं ते ठरलेलं. कुठे हसतील, कुठे वाद घालतील, कुठे एखादा म्हातारा "आमच्या लहानपणी असंच व्हतं" म्हणेल, हे मला आधीच कळतं. ऐकायला सोपं वाटतं. पण केज-अंबाजोगाईकडचा शेतकरी दोन तास तुमच्या मागे चालावा म्हणजे तुमच्याकडे नुसत्या घोषणा असून भागत नाही. त्याला एक तरी गोष्ट दाखवावी लागते, जी त्याने आपल्या रानात बघितलेली नाही.

आमच्याकडे ती गोष्ट म्हणजे जनावरं. भोवतालच्या डोंगरात फवारणीने किडे गेले, किड्यांमागे पाखरं गेली. आमच्याकडे आहेत. तित्तर आहेत, ससे आहेत, मुंगसाचं एक कुटुंब बियाण्याच्या खोलीमागे राहतं, माळावर काळवीट उतरतात. हे मी छाती काढून दाखवायचे. पलीकडच्या एका शेतकऱ्याने रानडुकरांसाठी पिठात विष कालवून ठेवलं होतं, त्याने आमच्या बांधावर तीन मोर मेलेले मिळाले, तेव्हा मी रात्रीतून पत्रक लिहून तालुकाभर वाटलं होतं. त्या पत्रकाची भाषा मी आजही मागे घेत नाही.

माझे वडील, आप्पा, यांचं केजला कृषी सेवा केंद्र आहे. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि मागच्या फळीवर तीच औषधं, ज्यांच्या विरोधात मी पत्रकं काढते. घरी जेवताना आम्ही हवामानावर बोलतो.

चपलांच्या नियमाचा मला एवढा अभिमान का होता, त्यालाही एक किस्सा आहे. एकदा एक पुढारी आले. मागे सहा माणसं. फाटकात त्यांचा एक जण मला म्हणाला, "सायेब बूट काढणार न्हाईत."

मी म्हटलं, "मग साहेब इथूनच बघतील."

पुढाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वाकून बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते दोन तास निखाऱ्यावर चालल्यासारखे चालले आणि मागची सहा माणसंही तशीच. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांच्या उघड्या पायांचा फोटो आला. मातीपुढे सगळे सारखे, असं मी त्यानंतर वर्षभर सांगत होते. बोलता बोलता मला खरंच वाटायला लागलं की हा नियम मी नाही, मातीनेच केलाय.

नियम न पाळणारा एकच माणूस होता. भानुदासकाका. पालीचे. हे केंद्र नुसता दगडांचा उतार होता तेव्हापासून ते इथे कामाला आहेत. बाराही महिने पायात काळे रबरी गमबूट आणि हातात घुंगरकाठी. धनगरांची असते तशी, वरच्या टोकाला घुंगरू बांधलेली. शिवारफेरी निघाली की ते सगळ्यांच्या पुढे, पावलागणिक काठी जमिनीवर आपटत चालायचे. धप, छन्न. धप, छन्न. त्या आवाजाने तित्तर शंभर हात पुढेच उडून जायचे. पाहुण्यांना रिकामं रान दिसायचं.

मी त्यांच्याशी भांडले. "काका, काठी कशाला आपटता? लोक लांबून येतात. त्यांना काहीच दिसत नाही."

"दिसंना का."

"अहो, ते तित्तर बघायला येतात."

"तित्तर बघाया येत्यात, पन पाय घिऊनच येत्यात न्हवं?" ते म्हणाले.

मला ते अडाणीपणाचं वाटलं. मी केंद्राच्या बैठकीत विषय मांडला, ठराव झाला, आणि काकांना ओळीच्या मागे पाठवलं. काठी आपटायची नाही, नुसती धरायची. त्यांनी ठराव ऐकून घेतला. घुंगरू सोडून खिशात ठेवले. त्यानंतर पाहुण्यांना तित्तर दिसायला लागले. ससे दिसायला लागले. मी जिंकले.

आता आच्छादन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, उसाचं पाचट, झाडांचा पाला, हे जाळायचं नाही. वावरात पसरायचं, घोट्याएवढा थर. खाली ओल राहते. ओलीत किडे होतात, गांडुळं होतात. किड्यांसाठी बेडूक येतात, सांडलेल्या दाण्यांसाठी उंदीर येतात. आणि उंदरांसाठी तो येतो. आमच्या भागात त्याचं नाव घेत नाहीत, लांबडं म्हणतात. मी मात्र मुद्दाम नाव घ्यायचे. चौथ्या थांब्यावर माझं वाक्य ठरलेलं होतं : साप शेतकऱ्याचा मित्र आहे. ते खरंही आहे. फक्त हा मित्र घोट्याएवढ्या पाचटात बसतो, त्याचा रंग पाचटाचाच असतो, आणि मी लोकांना त्याच पाचटातून अनवाणी चालवत होते. ही दोन वाक्यं एकाच पत्रकात, वरखाली छापलेली होती. मीच छापून घेतलेली. ती एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत असं मला कधी सुचलं नाही. आलेल्या एवढ्या लोकांपैकी कुणी बोललंही नसेल असं नाही. मी ऐकलं नसेल.

दसरा होऊन गेला होता. सीताफळाचे दिवस. त्या दिवशी केजच्या पलीकडच्या एका गावातून बायकांचा गट यायचा होता, एकतीस जणी. सकाळी काका माझ्या टेबलाशी आले. ते आत कधी येत नाहीत, गमबुटांचा चिखल लागतो म्हणून.

"आज सीताफळीकडं नेऊ नका," ते म्हणाले. "लांबडं हाय."

"कुठलं?"

त्यांनी माझ्यासाठी नाव घेतलं. "घोणस. काल पाचटात शिट्टी ऐकली. आज कात गावली. मोठं हाय."

मी म्हटलं, "बरं. बघते."

एवढंच. बायकांना फोनवर मीच सांगितलं होतं की सीताफळं झाडावरून तोडून खायला मिळतील. त्या पहाटे उठून, घरचं आवरून, टेम्पोत उभ्या राहून येणार होत्या. शेवटचा थांबा कापला तर फेरी लंगडी पडली असती. आणि साप आहे म्हणून बाग बंद, असं मी सांगणार? मी? मग माझ्या चौथ्या थांब्यावरच्या वाक्याचं काय? मी ठरवलं की बागेच्या कडेला उभं करायचं, तिथूनच बोलायचं, आत सोडायचं नाही.

काका गेले. माझ्या टेबलाखाली शहरातून आलेल्या कुणा पाहुणीने विसरलेले चामड्याचे बूट बरेच दिवस पडून होते. घोट्याच्या वर येणारे. मी ते ओढले आणि घातले. टाचेला भेग पडली होती, ती दुखत होती म्हणून. भेग खरंच होती. महिनाभर होती. महिनाभर मी तीच भेग घेऊन अनवाणी हिंडत होते.

हे मी आजवर एका बाईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

टेम्पो आला. बायका उतरल्या, हसत, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत. फाटकाजवळच्या बाभळीखाली चपलांची रास झाली. एक जण मात्र तशीच उभी राहिली. सडपातळ, पन्नाशीची, हातात कापडी पिशवी. नाव चतुराबाई, हे मला पुढे कळलं.

"ताई, ह्या ऱ्हाऊ द्या की पायात. काटं असत्याल."

मी माझं वाक्य म्हटलं. माती पायाला काय सांगते ते ऐका.

"आमच्या पायाला रोजच बोलती वो माती," ती म्हणाली. "आजच्या दिस तरी गप बसू द्या तिला."

सगळ्या खिदळल्या. मला ते झोंबलं. मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा आहे, मावशी."

तिने चपला काढल्या. राशीत टाकल्या नाहीत, बाजूला नीट जोडून ठेवल्या. उठताना माझ्या पायांकडे बघितलं.

फेरी छान झाली. काळवीट उतारावर थांबून आमच्याकडे बघत राहिलं तेव्हा एकतीस बायका श्वास धरून उभ्या होत्या. तित्तर दिसले. मी बोलत होते, नेहमीपेक्षा जोरात बोलत होते. आणि सगळा वेळ माझी नजर खाली होती. दर पावलाला मी एकतीस जणींचे पाय बघत होते. जोडव्यांचे पाय, भेगांचे पाय, मेंदी उतरत आलेला एका नव्या नवरीचा पाय. मागे काका होते, काठी नुसती हातात धरून. माझ्या पायांत बूट होते आणि तरी माझे पाय गार पडले होते.

सीताफळीच्या कडेला मी सगळ्यांना थांबवलं. "इथूनच बघा," म्हटलं. कारण सांगितलं नाही. बोलायला सुरुवात केली, झाडाचं वय, पाणी, छाटणी. पण फळं पिकायला आली होती. सीताफळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पांढऱ्या झाल्या, की ते तोडायला होतं. कडेच्याच झाडाला तसं एक होतं. कुणीतरी हात घातला. दुसरी म्हणाली, "आत लई मोठाली हायती." माझं वाक्य संपायच्या आत निम्म्या बायका पाचटात शिरल्या होत्या. चर्र, चर्र, चर्र, असा पायांखाली पाचटाचा आवाज.

मी ओरडायला हवं होतं. मी म्हटलं, "अहो, जरा..."

मग शिट्टी ऐकू आली. घोणस ज्याने ऐकली नाही त्याला सांगते : कुकर व्हायला येतो, झाकण हलतं आणि वाफ सुटते, तसा आवाज. फक्त तो थांबत नाही. जमिनीतून येतो आणि कुठून येतो ते कळत नाही.

सगळं जागच्या जागी थांबलं. एका बाईचा हात फळाकडे गेलेला होता, तो तसाच वर राहिला. नवी नवरी एका पायावर उभी होती, दुसरा टेकवायला तिला धीर होईना. कुणी ओरडलं नाही. नंतर तो आवाज बंद झाला, आणि ते जास्त वाईट होतं. आवाज होता तोवर ते एका ठिकाणी होतं. आता ते कुठेही असू शकत होतं.

"हलू नका," मी म्हटलं. ते बरोबर होतं की चूक, मला माहीत नव्हतं.

झाडांच्या चौथ्या ओळीतून चतुराबाईचा आवाज आला, अगदी शांत. "ताई, माझ्या पायाला कायतरी लागलं."

आता लिहायलाच हवं ते लिहिते. मी कडेला उभी होते. तिच्यात आणि माझ्यात वीस-पंचवीस पावलं होती. पंधरा-सोळा अनवाणी बायका आत होत्या आणि बाहेर मी होते, घोट्याच्या वर बूट घातलेली. मी आत गेले नाही. पाय उचललाच गेला नाही.

काका गेले. मागून आले, खांद्यावर दाताळं, हातात काठी. मला ओलांडताना म्हणाले, "जीप चालू कर." पहिल्या झाडापासून त्यांनी काठी आपटायला सुरुवात केली. धप. थांबायचं, ऐकायचं, दाताळ्याने पाचट बाजूला ओढायचं, खालची काळी माती उघडी करायची, मग पुढचं पाऊल. हाताएवढ्या रुंदीची वाट. त्या वाटेने ते चतुराबाईपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. त्यांनी तिला पाठंगुळी घेतलं. साठीचा माणूस. बाहेर आणून मातीवर ठेवलं आणि बाकीच्यांसाठी परत आत गेले. त्या सगळ्या त्याच वाटेने सुखरूप बाहेर आल्या, हे मला नंतर कळलं.

उजव्या पायावर, घोट्याच्या खाली, दोन लाल टिपके होते. शेजारीच वेड्या बाभळीची वाळलेली काटकी पाचटातून तिच्या पायाला चिकटून आली होती. तिलाही दोन काटे होते.

केंद्राची जीप मीच चालवते. मागे चतुराबाई आडवी, तिची जाऊ शांताबाई तिचा पाय मांडीवर धरून. पाय बांधायचा नाही, चिरायचा नाही, हलू द्यायचा नाही, थेट दवाखाना. हे मी भिंतीवर लिहून लिहून गावोगाव रंगवलं होतं, आणि त्या दिवशी तेवढं एक कामाला आलं. पाली गेली, बिंदुसरेच्या धरणाचं पाणी गेलं, पुढे ट्रकची रांग. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हते.

"ताई, हळू हाका," मागून चतुराबाई म्हणाली. "लांबड्यातून वाचले तर ट्रकखाली नगं."

शांताबाई रडत होती. चतुराबाई तिला म्हणाली, "रडू नगंस गं. ऐक. शेळी आज-उद्याला व्यायची हाय. पहिलटकरीण हाय ती, पिल्लू आडवं आलं तर बापूच्या आईला बोलीव. तू हात घालू नगं, तुझी नखं लई वाढल्यात."

मी आरशात बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. मी नजर रस्त्यावर घेतली.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होती. तिने पाय वळवून वळवून बघितला. किंचित सूज होती. काट्याने येते तेवढी, किंवा नुकत्याच चावलेल्याची असते तेवढी. "साप दिसला?" नाही. "आवाज कशाचा?" घोणसच. मग तिने चतुराबाईचं थोडं रक्त काढलं, काचेच्या स्वच्छ नळीत घातलं आणि नळी खिडकीपाशी उभी करून ठेवली.

"वीस मिनिटं हिला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "घोणसीचं विष गेलं असेल तर रक्त गोठत नाही. वीस मिनिटांनी नळी आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष आहे. जागच्या जागी राहिलं, तर आत्तापुरतं नाही."

मी आयुष्यात खूप धरण्यांना बसले आहे, पोलिसांसमोर बसले आहे. त्या नळीसमोर बसले तसं कुठे बसले नाही. पंख्याच्या वाऱ्याने ती हलेल असं वाटायचं. कुणी बाजूने गेलं की जीव वर यायचा. आत तांबडं, स्थिर. ते गोठतंय की नाही, बघून कळत नाही. बघितल्याने काही होत नाही, हे माहीत असून मी बघत होते.

डॉक्टरने कागद भरायला घेतला. "पायात काही नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं.

"सीताफळीच्या बागेत, या दिवसांत, अनवाणी? का?"

खाटेवरून चतुराबाई म्हणाली, "माती काय सांगती ते ऐकाया गेलतो आमी, डॉक्टरीणबाई."

डॉक्टरला वाटलं बाई भ्रमात आहे. तिने पटकन डोळ्यांत उजेड टाकून बघितला.

"चांगली शुद्धीत हाय मी," चतुराबाई म्हणाली. मग माझ्या पायांकडे बोट केलं. "ताईंच्या पायात हायती बूट. एकीनं तरी घातले ते बरं झालं. गाडी हाकाया पाय नीट लागत्यात."

त्यात टोमणा होता की नाही, मला आजही कळलेलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी खुर्चीखाली पाय ओढून घेतले.

वीस मिनिटांनी डॉक्टरने नळी उचलली आणि आडवी केली. मी डोळे मिटले. शांताबाईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची वाढलेली नखं रुतली.

"राहिलं," डॉक्टर म्हणाली.

रक्त जागचं हललं नव्हतं. पण तिने लगेच बजावलं की एवढ्यावर जायचं नाही, पुन्हा बघायचं. पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. असं कितीदा झालं ते मी मोजलं नाही. दर वेळी रक्त राहिलं आणि दर वेळी मी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी सूज उतरली तेव्हा डॉक्टर म्हणाली, "एकतर काटा, नाहीतर कोरडा चावा. दात लागतात, पण विष सोडत नाही. होतं कधीकधी." यातलं कोणतं, ते कुणालाच सांगता आलं नाही. शेळी व्यायली होती. दोन पिल्लं. बापूची आई लागली नाही.

आप्पांना दुकानात बसल्या बसल्या सगळं कळलं होतं. मी घरी गेले तर जेवताना हवामानावर बोलले नाहीत. म्हणाले, "तू माझ्या धंद्यावर पत्रकं काढतीस. काढ. मी विषच विकतो. पण बाटली देताना हातात काय घालायचं, तोंडाला काय बांधायचं, ते गिऱ्हाइकाला सांगितल्याबिगर देत न्हाई."

मी ताटावरून उठले नाही. खाली बघून जेवले.

आता फाटकाशी गमबुटांची रांग असते, लहानमोठ्या मापांची. काका पुढे असतात. घुंगरू त्यांनी खिशातून काढून परत बांधले, ठरावाशिवाय. जुन्या पत्रकांचे गठ्ठे पडून आहेत, त्यातली ती ओळ मी पेनाने खोडते आणि मगच वाटते. खोडून खोडून बोटाला घट्टा पडलाय. घोणस अजून तिथेच आहे, पाणी अडवलेल्या नालीकडे सरकली असं काका म्हणतात. मारू नका, हे मी आजही सांगते. पण सांगताना मला भीती वाटत असते, रोज सकाळी बूट उपडे करून झटकल्याशिवाय मी पाय घालत नाही, आणि हे मी लोकांपासून लपवत नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती. काकांनी सकाळीच सांगितलं होतं, मला माहीत होतं, हे चतुराबाईला माहीत नव्हतं.

संक्रांतीनंतर मी तिच्या गावी गेले. केजहून जीपने, पुढे चालत. ती रानात होती. तुरीच्या दोन पट्ट्यांमध्ये तिने आच्छादन घातलं होतं, आमच्याकडे बघितलं तसंच, घोट्याएवढं. तिच्या पायात नवे काळे गमबूट होते आणि हातात बोरीची काठी. मला बघून तोंडभर हसली. पिल्लं दाखवली. चहाचं म्हणाली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. सकाळी काका काय म्हणाले, मी टेबलाखालून बूट कसे ओढले, भेगेचं, सगळं. ती ऐकत होती. हसू हळूहळू गेलं. पिल्लू तिच्या गमबुटाला ढुशा देत होतं.

"काढा बूट," ती म्हणाली.

मी वाकले. लेस सुटेना. एक बूट काढला, दुसरा काढला, बांधावर जोडून ठेवले, तिने चपला ठेवल्या होत्या तसेच.

"चला आत."

मी पाय टाकला. पाचटाखाली काय आहे ते दिसत नाही. ते मऊ लागतं, मग टोचतं, मग थंड लागतं. दर वेळी थंड लागलं की पाय मागे घेतला जातो. मी हेच शेकडो लोकांना करायला लावलं होतं आणि त्याला ऐकणं म्हणत होते. दुसरं पाऊल. तिसरं. त्यापुढे मला पाय उचलता येईना.

तेवढ्यात ती बाजूने माझ्या पुढे झाली. काठी आपटली. धप. थांबली, ऐकलं, पुढे सरकली. एका हाताने मागे चाचपून तिने माझा दंड धरला. मी तिने आपटलेल्या जागी पाय ठेवत गेले. असं आम्ही पट्टीच्या मध्यापर्यंत आलो.

अचानक पायांपुढचं पाचट फुटलं आणि त्यातून काहीतरी भर्रकन वर आलं. आम्ही दोघीही थिजून उभ्या राहिलो. ते तुरीवरून खाली उतरत पलीकडच्या बांधाला गेलं.

"तित्तर हाय," चतुराबाई म्हणाली. "लांबडं न्हाई."

आवाज तिचा ठाम होता. पण माझ्या दंडावरची तिची पकड सुटत नव्हती. ती सैल होईपर्यंत आम्ही तिथेच उभ्या राहिलो.